कोणी कोणाला मारलं?

प्रिय बाबा, जय भीम.

शाळेत शिकवून आले ती सरळ लिहायलाच बसले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्यांना श्रद्धांजलीला उभं केलं, आणि आज ते पेपरात आलंय. तुम्ही आता नसलात तरी तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

दूर एका देशात ज्यूंच्या प्रार्थनाघरात शिरून माणसं मारली. ज्यू म्हणूनच मारली. टीव्हीनं दिवसभर धूर दाखवला, आणि नांदेडहून येणाऱ्या आपल्या पेपरात आतल्या पानावर मथळा होता, 'प्रार्थनास्थळी हिंसाचार, काही ठार'. मेले ते कोण, मारलं का, एक अक्षर नाही. वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू आला.

आठवतं? तामसीच्या स्टँडवर आदिलाबादच्या बसची वाट बघत तुम्ही पेपर मोठ्यानं वाचायचात. बस निघाली तरी बातमी संपायची नाही, आणि तुमचं ऑफिस चुकलं की तुम्हाला हलवलं नाही म्हणून आई माझ्यावर चिडायची! बातमीत 'संघर्ष', 'तणाव' असं काही आलं की थांबायचात. "हे झालं. पण कोणी कोणाले मारलं, ते सांगा ना." लोक हसायचे. तुम्ही हसत नव्हतात.

कारण मला पुढे आईकडून कळलं. मोठ्या आळीतली माणसं भरदुपारी आपल्या वस्तीवर चालून आली, घरं जाळली, आणि पेपरात आलं, 'दोन गटांत हाणामारी'. आजोबा तेव्हा जेवत होते, आजी भाकरी थापत होती. त्या दोघांचा कोणता गट, बाबा?

एक तक्रार आहे. स्टँडवरच्या सगळ्यांना तुम्ही हा प्रश्न विचारलात, पण ज्यानं ती बातमी लिहिली त्याला कधी विचारला नाहीत. तो तर तुमच्याच बसनं यायचा. आंध्र सरकारच्या नोकरीची भीती होती ना? त्या न विचारण्याचा मला अजून राग येतो.

रविवारी कमलमावशीनं मला हटकलंच. "काऊन वं सुजाता? त्या लोकायचं आन् आपलं काय नातं? आपण तं ज्यू पाह्यला बी नाही."

"मावशे, आपली घरं जळली तवा दूरच्या कोणी आपल्याले पाह्यलं होतं? कोणी उभं राह्यलं असतं तं बरं वाटलं असतं का नाही?"

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली.

मग मागून एक पोरगा बोलला, "ताई, त्या पलीकडच्यायले बी दोन शब्द सुनवा." पलीकडे युसुफचाचांचं शिलाईचं दुकान, तुमचे शर्ट शिवणारे आपले चाचा! मारणारे त्यांच्या धर्माचे, एवढंच त्याला दिसत होतं. मी विचारलं, "कोणी मारलं? चाचानं मारलं?" तुमचा प्रश्न असा आपल्याच माणसाला विचारावा लागेल, हे मला सुचलं नव्हतं.

आम्ही उभे राहिलो. डोळे उघडले तेव्हा दारात चाचा उभे होते, चपला बाहेर काढून. जाताना म्हणाले, "बाबूजी रहते तो मेरेकू पैले बुलाते."

सोमवारी स्टँडवर आपल्या पेपरचा हल्लीचा वार्ताहर भेटला. पाठवायच्या बातमीवर त्यानं लिहिलं होतं, 'विहारात शांतता सभा'. मी म्हटलं, कोणासाठी उभे होतो ते लिहा. "म्याडम, तेवढ्यानं काय फरक पडते?" मी त्याला आजोबांच्या जेवणाचं सांगितलं. त्यानं खिशातून पेन काढलं. आज छापून आलंय, 'ज्यू म्हणून मारल्या गेलेल्यांना श्रद्धांजली'.

आता आपल्या वस्तीची बातमी, बाबा. ती नीट छापायची राहिलीय. मी लिहून देणार आहे, जाळणाऱ्यांच्या नावांसकट. त्यातले काही अजून गावात मानानं बसतात, बसू देत. खाली माझं पूर्ण नाव असेल, आणि छापून आली की स्टँडवर मोठ्यानं वाचणार आहे. आंध्र सरकारची नोकरी माझीही आहे.

तुमची मुलगी,
सुजाता