बालबिनोचा गुडघा

प्रिय बालबिनो,

परवापासून तुला तीनदा फोन केला. तू उचललास, मागे तुझ्या खानावळीतल्या गिऱ्हाइकांचा गोंगाट, पेल्यांचा खणखणाट, आणि मी आपलं "कसा आहेस, पाऊस थांबला का तिकडे" एवढंच विचारून ठेवून दिला. तिसऱ्यांदा तू म्हणालास, "काय म्हाताऱ्या, करमत नाही का? ये ना दुकानात, आज मारिसानं पांढऱ्या घेवड्याचा फाबादा केलाय." मी पुन्हा फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तुझा आवाज ऐकला की माझं तोंड बंद होतं.

तू आमच्या मैदानावर पहिल्यांदा आलास तेव्हा सतरा वर्षांचा होतास. अंगात वडिलांचा खाणीतला कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. प्रशिक्षक म्हणाले, "हे काडीपैलवान कुठून आणलं?" अर्ध्या तासात त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि नुसते बघत राहिले. चेंडू तुझ्या पायाशी कधी मुक्कामाला थांबलाच नाही. बाकीचे चेंडूकडे बघायचे, तू तो कुठे जायला हवा तिकडे. मधल्या फळीत उभा राहून, न ओरडता, फारसं न पळताही तू अख्खा संघ चालवायचास. एकवीस वर्षांखालच्या देशाच्या संघातून चार सामने खेळलास. माद्रिदहून माणसं तुला न्यायला आली, तर म्हणालास, "आधी या गाढवांना पहिल्या विभागात नेतो, मग बघू." आम्ही तुला वेड्यात काढलं. नऊ वर्षं दर मंगळवारी तू माझ्या मालिशच्या बाकावर पडून बडबड करायचास आणि मी तुझे पाय चोळायचो. माझ्या बायकोला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, ते मी सगळ्यांत आधी तुला त्या बाकापाशी सांगितलं होतं.

आता जूनमधल्या त्या रविवारचं. त्या सामन्यावर गावात आजही माणसं बोलतात. एकाहत्तराव्या मिनिटाला दोन बचावपटूंच्या मधून तू दिलेला पास, त्यावरचा गोल, आणि आपण पहिल्या विभागात वर गेलो. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला तू कोसळलास. मी पिशवी घेऊन धावत आलो, तेव्हा तू गवतावर पडून माझा हात धरलास आणि लहान पोरासारखं म्हणालास, "सेलसो, मला कुणी धक्कासुद्धा मारला नाही रे." पुढची तीन ऑपरेशनं, काठीवरची दोन वर्षं, मग खालच्या विभागातल्या त्या संघात उत्तरार्धात वीस-वीस मिनिटं लंगडणं, आणि एकोणतिसाव्या वर्षी बूट टांगणं, हे सगळं मी पाहिलं. माद्रिदहून पुन्हा कुणी आलं नाही.

प्रशिक्षकांनी वर्तमानपत्रात सांगितलं की बालबिनोला गुडघ्याचं माहीत होतं, तरी तो गावासाठी खेळला. तू ते खोडून काढलं नाहीस. मला वाटतं, तुला ती त्यांनी केलेली तुझी भलावण वाटली असेल. गुडघा त्या मिनिटालाच गेला अशी तुझी समजूत. ते कात्रण तू दुकानाच्या भिंतीवर लावलंस तेव्हापासून मी तिकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसतो, ते का, हे आता सांगतो.

बालबिनो, आम्हाला माहीत होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी तुला तपासून झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि प्रशिक्षकांना आणि मला म्हणाले, "लिगामेंट अर्धं फाटलंय. सहा आठवडे विश्रांती दिली तर पहिल्यासारखा होईल. उद्या खेळला तर उरलेलंही जाईल." प्रशिक्षक म्हणाले, "त्याला सांगायचं नाही. कळलं तर जपून खेळेल." डॉक्टर बॅग उचलून निघून गेले. मग प्रशिक्षक माझ्याकडे वळले, "त्याचा तुझ्यावर विश्वास आहे. तू सांग." तू आत बाकावर पाय लांब करून बसला होतास. विचारलंस, "खरं सांग, म्हाताऱ्या, कसं दिसतंय?" मी म्हणालो, "सूज आहे. बाकी काही नाही. उद्या पळ बिनधास्त." नोकरी जाईल ही भीती होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वर जायचं होतं.

हे मी माझ्याबरोबर मातीत नेणार होतो. पण मंगळवारी ओलाया माझ्याकडे आली. तुझी लेक दारात उभी राहिली आणि मला कळलं, डाव्या पायावर भार देत नाहीये. म्हणाली, "आजोबा, रविवारपर्यंत टिकेल अशी पट्टी बांधून द्या. आमच्या फिजिओला दाखवलं तर ती मला बाहेर बसवेल. आणि बाबाला कळलं तर तुमच्याशी कट्टी." मी गुडघा दाबून पाहिला. हाडं जिथे घट्ट असायला हवीत तिथे ती सरकत होती. त्या शनिवारी तुझीही अशीच सरकली होती. मी म्हणालो, पोरी, खेळू नकोस, पाय जाईल. ती हसली. "बाबालाही माहीत होतं ना? तरी खेळला. मी काय त्याच्याहून भित्री?" एकोणीस वर्षांची पोर, तुझ्याच जागेवर खेळते, त्याच क्लबच्या मुलींच्या संघात, वर जायचा सामना. पंचाहत्तर वर्षांचा झालो, पण तुझ्या मुलीच्या डोळ्यांत बघून खरं काय ते सांगायची हिंमत झाली नाही. तिनं पाय पुढे केला. मी पट्टी बांधली. होय, मीच बांधली.

आज गुरुवार. पावाची गाडी घेऊन येणारी बाई हे पत्र तुझ्या हातात देईल असं म्हणालीय. सामना रविवारी पाचला आहे. माझं ती ऐकणार नाही, फिजिओनं एकदा बाहेर बसवली तरी पुढच्या वेळी लपवून खेळेल, तू नुसतं "खेळू नकोस" म्हणालास तर तुझंही ऐकणार नाही, कारण ती भिंतीवरच्या त्या बालबिनोच्या मागे निघालीय. असा बालबिनो कधी नव्हताच हे तिला तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तिला सांग, "मला माहीत नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी खेळलो नसतो." ते कात्रण काढावं लागेल, गावात तोंड दाखवणं जड जाईल, तिच्या नजरेत तू थोडा उतरशीलही. पण पाय राहील. मला काय शिव्या द्यायच्यात त्या सोमवारी ये आणि दे, मी घरीच असेन. आधी तिला थांबव.

तुझाच, असं लिहायचा हक्क उरला असेल तर,
सेलसो