हेबेनागेल हे नाव कोणाचं

ग्राऊबाख, सोमवार, ऑक्टोबर संपत आला

प्रिय इल्का,

तू खालच्या गल्लीत राहतेस, माझ्या खिडकीतून तुझं धुराडं दिसतं, आणि तरी मी तुला पत्र लिहायला बसलोय. उर्सेल म्हणाली, "म्हाताऱ्या, चालत जा आणि तोंडाने सांग की. टपालाचं तिकीट कशाला वाया घालवतोस?" पण तोंडाने सांगायला गेलो की माझं काय होतं, ते तू काल पाहिलंसच. ताटात बटाट्याचे गोळे वाफाळत होते, फाल्क त्यावर रस्सा ओतून घेत होता, आणि तू, तुझ्या टिल्डाचं ऐकून सासऱ्याला 'आजोबा' म्हणायला लागलेली, विचारलंस, "ओपा, लग्नानंतर फाल्कने हेबेनागेल नाव घेतलं तर तुला चालेल का?" आणि मी, तळघराचं दार उघडं राहिलंय असं सांगून उठलो. दार बंद होतं. मी खाली बटाट्यांच्या पेटीपाशी उभा राहिलो आणि वरचे आवाज ऐकत बसलो. वर आलो तेव्हा तुम्ही कोट चढवत होतात. जाताना जिन्यावर तू म्हणालीस, "गुरुवारी नोंदणी कचेरीत नाव सांगायचंय. तू नको म्हणालास तर आम्ही तिघंही, टिल्डा धरून, फाल्कसारखे म्युलर होऊ. काही बिघडत नाही." तू हे रागाने बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

कायद्याने माझी परवानगी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. कचेरीतल्या बाईंनी तुला सांगितलंच आहे की नवऱ्याकडून आलेलं नाव आता तुझं आहे, ते तू पुढच्या नवऱ्याला देऊ शकतेस. गेल्या महिन्यात तू हे सांगितलंस तेव्हा मला आधी वाटलं की त्या बाईंची काहीतरी चूक होतेय. एका घरचं नाव सुनेच्या हातून तिसऱ्याच माणसाकडे जातं, असं कुठे असतं का? मग मी गेर्नोटला विचारलं, तो अग्निशमन दलाचा प्रमुख, त्याला सगळे कायदे येतात असा त्याचा समज आहे. तो म्हणाला, "असतं. तुझं नाव काय तुझ्या बापाची गाय आहे का, गोठ्यात बांधून ठेवायला?" तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. म्हणजे नमस्कार करतो, पण थांबत नाही.

मध्येच उठलो होतो. चुलीची झडप पाहून आलो. तुझ्या गाडीला थंडीचे टायर बसवलेस का? पुढच्या आठवड्यात खिंडीत बर्फ पडेल असं सांगतायत. फाल्कला सांगून ठेव. तो "हो हो, बसवतो" म्हणतो आणि शीळ वाजवत निघून जातो, आणि मला रात्रभर ते टायर दिसतात.

माझ्या पंचाहत्तरीला तू रेडिओवाल्यांना आपलं आडनाव कळवलं होतंस, ते मी अजून विसरलेलो नाही. किती दिवस तू कोणाला कळू दिलं नव्हतंस. सगळे आलुबुखाऱ्याचा केक खात बसले होते, टेबलावर रेडिओ, आणि त्यातून आडनावांचे अर्थ सांगणारे ते प्राध्यापक आपलं नाव घेतात. मी कप तिरका धरून ऐकत राहिलो आणि कॉफी बशीत सांडली. माझ्या वडिलांनी मला काय सांगितलं होतं ते तुला माहीत आहे. कुठल्याशा सम्राटाचा घोडा आपल्या घाटातून चालला होता, त्याच्या नालाचा खिळा पडला, आपल्या पूर्वजाने तो उचलून दोन्ही हातांनी सम्राटाला दिला, आणि तेव्हापासून आपण हेबेनागेल, म्हणजे 'खिळा उचल'. मी आठवीपर्यंत शिकलो आणि पाटीच्या दगडाच्या खाणीत गेलो, पण खाणीत कोणी माझ्या नावाला हसलं की मी ही गोष्ट सांगायचो. ते प्राध्यापक मात्र हळूच हसले आणि म्हणाले, प्रत्येक विरळ आडनावामागे असा एक सम्राट उभा असतोच.

त्यांचं म्हणणं असं की लोहाराकडे शिकणारा पोरगा कारागीर झाला की जुने कारागीर त्याच्या डोक्यावर बिअर ओतत आणि त्याचं नवीन नाव ठेवत. बहुतेक चिडवायचंच. कोणी 'भाकरी मोड', कोणी 'नांगर सोड'. आपला पहिला माणूस भट्टीपाशी पडलेले खिळे वेचत फिरायचा, म्हणून तो 'खिळा उचल'. कंजूष होता म्हणून वेचायचा की कोणाच्या पायात जाईल या भीतीने, ते आता कळणं शक्य नाही, असं ते म्हणाले. गेर्नोट केकचा घास तोंडात असतानाच ओरडला, "म्हणजे एवाल्ड, तुमचं घराणं भंगारवाल्यांचं." सगळे हसले. माझा होल्गर तेव्हा होता, तो सर्वांत जास्त हसला. उर्सेल म्हणाली, "भीतीनेच वेचायचा. मला विचारा. मी त्याच्याच खापरपणतवाशी संसार करतेय."

ती खरं बोलली होती. मी अजूनही अंगणातून जाताना खाली बघून चालतो. टिल्डा अनवाणी धावते ना.

मग आपलं आडनाव कुठे कुठे आहे ते दाखवणारा प्राध्यापकांचा तो नकाशा आला टपालाने. उर्सेलने तो घरातल्या बोळात आरशाच्या बाजूला लावला आणि वर्षानुवर्षं मी टोपी घालताना तोच बघतो. अख्खा देश पांढरा, आणि आपल्या डोंगराच्या कडेला सुपारीएवढा एक डाग. तेवढेच आपण. शिवाय उत्तरेला ब्रेमेनपाशी एक ठिपका, तो माझ्या काकाचा, जो देशाचे दोन तुकडे होऊन सीमेवर कुंपण उभं राहायच्या आधी पलीकडे गेला. शेजारी प्राध्यापकांनी गंमत म्हणून म्युलरांचा नकाशा छापला होता, तो नुसता काळा. पीठ दळणारे गावोगाव होते, तेव्हा म्युलरही गावोगाव. फाल्कच सांगतो, डॉक्टरांच्या बाकावर 'म्युलर' अशी हाक आली की चौघं उठतात आणि एकमेकांकडे बघून पुन्हा बसतात. तो हसत सांगतो, पण मला वाटतं त्याचा त्याला थोडा कंटाळा असावा. आणि आपल्या डागातसुद्धा आता काय उरलंय? माझी बिनलग्नाची बहीण गेर्डा वृद्धाश्रमात आहे आणि मला 'पोस्टमन' म्हणते. ब्रेमेनच्या काकाला मुलीच, त्या दोघींनी नवऱ्यांची नावं घेतली. मग मी आणि उर्सेल. आणि तू आणि टिल्डा.

तर मला आनंद व्हायला हवा, असं तुला वाटत असेल. नाव वाचतंय. मलाही तसंच वाटायला हवं होतं. काल तळघरात मी स्वतःला हेच सांगत होतो. पण वर येववत नव्हतं, आणि ते का ते आता लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

फाल्क वाईट नाही. त्याने आमची गरम पाण्याची टाकी दुरुस्त केली आणि पैसे घेतले नाहीत. टिल्डाला तो पोहायला शिकवतो आणि तिच्या टोपीला गाठ मारायला विसरत नाही, हे मी पाहिलंय. पण तो फाटक उघडं टाकतो. हत्यारं गवतात पडू देतो. असा माणूस जमिनीवरचा खिळा उचलणार नाही, तो त्यावर पाय देऊन शीळ वाजवत पुढे जाईल. हे मी उर्सेलला म्हटलं तर ती म्हणाली, "होल्गर तरी कुठे उचलायचा? त्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची." उर्सेल आता होल्गरबद्दल असं सहज बोलू शकते, भांडी विसळता विसळता. मला ते अजून जमलेलं नाही. त्या डिसेंबरात खिंडीत होल्गरच्या गाडीचं जे झालं त्याला सहा वर्षं होतील, आणि तू दोन वर्षं आमच्याकडे रोज जेवायला येत होतीस, आणि आपण तिघं बशीकडे बघून जेवायचो. तू फाल्कबरोबर पहिल्यांदा हसलीस ना, आमच्याच ओट्यावर, तेव्हा मी खिडकीच्या आत होतो. मला खूप बरं वाटलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

पुन्हा उठलो. मांजर आत घेतलं. उर्सेल विचारतेय, "अजून पहिल्याच पानावर आहेस का?" चौथ्या पानावर आहे म्हणून सांगितलं, तर म्हणते, "बिचारी इल्का."

दर शनिवारी दुपारी मी कुठे जातो असं टिल्डाने मला एकदा विचारलं होतं आणि मी पाव आणायला असं सांगितलं होतं. बेकरी शनिवारी दुपारी बंद असते, हे त्या पोरीच्या लक्षात आलं नाही की तिने लक्षात आलेलं दाखवलं नाही, कोण जाणे. मी अग्निशमन दलाच्या पटांगणापाशी जातो, कुंपणाच्या बाहेर उभा राहतो. कवायत बघायला नाही. सुरुवातीला हजेरी होते तेवढीच ऐकतो. गेर्नोट कागदावरून आडनावं वाचतो, एकेक जण 'हजर' म्हणतो. होल्गर सतरा वर्षांचा असल्यापासून त्या हजेरीत होता. हार्टुंग, हेबेनागेल, होफमान. तो गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी सहज तिथून चाललो होतो. गेर्नोटने हार्टुंग म्हटलं आणि तो थांबला. एक श्वासभर. मग होफमान. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम गेलो. तो पुन्हा थांबला. सहा वर्षं तो त्या जागी थांबतोय, इल्का. आम्ही दोघं त्याबद्दल कधी एक शब्द बोललेलो नाही, आणि इतर सगळ्या गोष्टींवरून मात्र भांडतो. ज्याची माती झाली त्याची एवढी एक जागा गावात उरली होती, कबर सोडून. तिथे कोणी बोलत नव्हतं, म्हणून ती त्याची होती.

आता तुला कळलं असेल की काल मी तळघरात का गेलो. फाल्क गेल्या वसंतात दलात आला, तो हजेरीत खूप खाली असतो, म्युलर म्हणून, दोन म्युलरांच्या मध्ये. त्याने नाव बदललं की तो वर येणार. हार्टुंगनंतर गेर्नोट हेबेनागेल म्हणणार, आणि दुसऱ्याच कोणाचा तरी गळा 'हजर' म्हणणार. माझ्या मुलाच्या नावाला. नाव नष्ट झालेलं मला चाललं असतं, खरं सांगतो, पण हे कसं ऐकायचं ते मला समजत नव्हतं. म्हणून मी नाहीच म्हणणार होतो. तू शुक्रवारी विचारलं असतंस तर सरळ नाही म्हटलं असतं, पण परवा शनिवारी दुपारी एक गोष्ट झाली.

गेर्नोटच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते तुला ठाऊक आहे. त्याच्या जागी त्या दिवशी हजेरी घ्यायला एक तरुण मुलगी होती, लांब वेणीची, नव्या वस्तीतली. चांगली होती, खणखणीत आवाज. मी कुंपणाला धरून उभा होतो. ती म्हणाली, हार्टुंग, होफमान. लगेच. मध्ये काहीच नाही. तिला काय माहीत असणार? ती आली तेव्हा होल्गर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. होफमानने 'हजर' म्हटलं आणि ती पुढे गेली, आणि मी तिथे कुंपण धरून उभाच. मला सारखं वाटत होतं, मी बोलायला हवं, अहो बाई, तुमचं काहीतरी राहिलं. पण काय राहिलं म्हणून सांगू? कागदावर तर काही नव्हतंच. ते एवढी वर्षं एका भांडकुदळ म्हाताऱ्याच्या छातीत होतं, आणि त्याचा गुडघा दुखायला लागला तर संपलं. घरी येताना मी प्राध्यापकांच्या त्या पोरग्याचा विचार करत होतो, डोक्यावरून बिअर निथळत असलेल्या. त्याच्या बापाचं नाव काहीतरी दुसरंच होतं. पुढच्या सकाळी भट्टीपाशी पहिल्यांदा कोणीतरी हेबेनागेल म्हणून ओरडलं असेल, आणि क्षणभर त्याला कळलं नसेल की हाक आपल्याला आहे. आणि मग त्याने ओ दिली असेल.

हे सगळं काल सांगता आलं असतं तर बटाट्याचे गोळे थंड झाले नसते. गुरुवारी कचेरीत जा आणि हेबेनागेल असं लिहा, तिघांचं. मी हो म्हणतोय. दारावरच्या घंटीखालची नावाची पट्टी बदलायची नाही, तेवढंच काम वाचलं. गेर्नोटला यातलं काही सांगू नकोस, त्याच्याशी मी उद्या स्वतः बोलायला जातोय, सोबत सूप घेऊन. मला फक्त थोडा वेळ दे. लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी मी कदाचित कुंपणापाशी येणार नाही. दुसऱ्या शनिवारी येईन. आणि फाल्कला सांग, हजेरीला जरा मोठ्याने बोल. पुटपुटायची त्याला सवय आहे, आणि डाव्या कानाने मला हल्ली नीट ऐकू येत नाही.

तुझाच, टायरची काळजी करत जागा असलेला,
ओपा एवाल्ड