गाठवून होईपर्यंत

अण्णा, आज आईने तुमचा विषय काढला, तोही एका परक्या मुलीसमोर, भर कॉलेजच्या आवारात. म्हणून लिहायला बसले.

सराफ बाजारातला तो ओटा अजून दिसतो मला. तुम्ही बायकांची मंगळसूत्रं, मोत्यांच्या माळा गाठवताय. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं, दुसरं हातात, आणि प्रत्येक मण्यामागे एक गाठ. सोनं दुसऱ्याच्या हवाली करून कोण जाणार? म्हणून जिचा दागिना ती बाई काम होईपर्यंत समोरच बसायची, आणि बसली की बोलायची. सासूचं, नवऱ्याचं, न झालेल्या मुलाचं. तुमची मान खाली, तोंडाने नुसतं "हं". एकदा माझ्या लक्षात आलं, माळ केव्हाच झाली होती, तरी तुम्ही दोरा उगाच चोळत बसला होतात. ती डोळे पुसून सावरली, तेव्हा कुठे म्हणालात, "घ्या ताई, झालं." घरी येताना मी विचारलं, तर माझ्यावरच डाफरलात, "सगळं बघायचं नसतं." बरं, नाही बघितलं. शेवटी शेवटी तुमच्यापुढचा चहा तसाच गार व्हायचा, आम्ही म्हणायचो वय झालं. अख्ख्या बाजाराचं ऐकलंत, पण तुमच्यासमोर बसायला कोणी आलंच नाही.

तुम्ही स्वतःच जीव दिलात, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. आई त्याच दिवशी म्हणाली, "अटॅक आला म्हणायचं." म्हणत राहिलो. तुमचा राग यायचा, तिचाही यायचा. अजून आहे थोडा, खोटं कशाला बोलू.

आता मी हिरव्या रेशमात मणी गाठवून ब्रेसलेट करते, तुम्ही शिकवलीत तीच गाठ. कॉलेजांमधून, प्रदर्शनांतून स्टॉल लावते. ते ज्याच्या हातात, त्याच्यापाशी मनातलं बोललं तरी चालेल, अगदी जगावंसं वाटत नाही हेसुद्धा. एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे दागिना ऐकणाऱ्याने घालायचा. घेणाऱ्याच्या समोरच गाठवून देते, तुमच्यासारखी. आई सोबत येते, दोरे कापून देते. तिने स्वतः मात्र कधी घातलं नाही, आणि मीही कधी घाल म्हटलं नाही.

आज एक मुलगी बसली. सुरगाण्याकडची, इथे हॉस्टेलला राहते. "ताई, माझी रूममेट नीट जेवतच नाय. म्हणते, मी नसले तरी कोणाला काय फरक पडणारे." मी म्हटलं, तिला सरळ विचार, मरायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार येत नसतात. तिला एकटी सोडू नकोस, वॉर्डनमॅडमना आजच सांग, डॉक्टरकडे न्या. मुलगी घाबरली. "असं तोंडावर कसं विचारायचं? तुम्ही विचारलं होतं का कोणाला?"

मी नेहमीसारखं "ओळखीतले एक गृहस्थ" असं सुरू करणार होते. तेवढ्यात शेजारून आई म्हणाली, "हिच्या वडिलांना आम्ही नाही विचारलं. अटॅक नव्हता तो, त्यांनीच जीव दिला. तू विचार बाई." कात्री तिच्या हातातच राहिली होती. मुलगी उठली. ब्रेसलेट हातात चढवलं आणि वॉर्डनना फोन लावतच निघाली.

स्टॉल आवरून आम्ही दोघी रिक्षाने निघालो. इंदिरानगरला घरी आलो, चहा झाला, आणि आई म्हणाली, "मलापण एक गाठव." स्वयंपाकघरातच माझ्यासमोर खाली बसली. मी दोरा अंगठ्याला अडकवला. ती डब्यातले मणी एकेक करून पुढे करत होती. मग हळूहळू बोलायला लागली. त्या सकाळी तुम्ही तिला म्हणाला होतात, "जरा बस ना." ती म्हणाली, "दूध घेऊन येते, मग बसते." परत आली तेव्हा उशीर झाला होता. अण्णा, इतकी वर्षं हे ओझं ती एकटी वाहत होती. तिला म्हटलं, तुझ्या दुधाने काही झालेलं नाही. पण ते म्हणायला मला इतकी वर्षं लागली. हातात हिरवा दोरा बांधून मी गावभर ऐकत फिरले आणि घरातल्या घरात हिला एकदाही विचारलं नाही. फार फार वाईट वाटतं त्याचं.

हे कागद तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत, ते इथेच मण्यांच्या डब्यात राहतील. फक्त एक लबाडी कबूल करायची होती. बोलता बोलता आई मध्येच थांबली आणि म्हणाली, "झालं का गं तुझं?" शेवटची गाठ केव्हाच बसली होती. मी दोरा चोळत म्हटलं, "नाही अजून. बस ना."