आवाज जरा कमी करा, मोहनराव

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. खंड पाडायचा नाही.
भवानीनगरला कारखान्याच्या स्टाफ क्लबचं संगीत नाटक आहे, नऊ मार्चला. साऊंडचं काम मला दिलं. आधी इंदापूरच्या एकाला विचारलं होतं, पण त्याला त्या दिवशी लग्न आहे. म्हणजे शेवटी माझ्याकडेच यावं लागलं.
लग्नं, इलेक्शन, कुस्त्या, सगळीकडे माझे कर्णे वाजलेत. संगीत नाटक पहिल्यांदाच. बारामतीत हे काम दुसऱ्या कुणाला झेपणारं नाही.
बातमी कुणाला तरी सांगावीशी वाटली. घरात कुणी नाही. द्वारका भाऊबिजेला शेळगावला माहेरी गेली ती अजून तिकडेच. तिच्या आईचा गुडघा दुखतो. गुडघ्याची दुखणी लांबतात.
म्हणून ही वही.

५ फेब्रुवारी
प्लॅन तयार. एक माईक स्टेजच्या मधोमध वरून टांगायचा, दुसरा ऑर्गन-तबल्याजवळ. मी खाली ऑर्गनशेजारी अँप्लिफायर घेऊन बसणार. दोन माईक, दोन बटणं. पद चढलं की ऑर्गन उतरवायचा, पद संपलं की ऑर्गन चढवायचा. पब्लिकला वाटलं पाहिजे की सगळं आपोआप होतंय.
याला मशीन नाही, कान लागतो. तो आपल्याला आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
क्लबात पहिली तालीम. नाटक आबासाहेबांनी स्वतः लिहिलंय. ते कारखान्यात शेतकी ऑफिसर. ‘संगीत सौभाग्यसिद्धी’. राणी रुसून वनात जाते, राजा पदं म्हणत तिला शोधतो. राणीचं काम श्यामलाबाई करतात, शाळेत मास्तरीण आहेत. आवाज अगदी बारीक. सगळेच पुटपुटतात. हल्ली लोक तोंड उघडून बोलतच नाहीत.
ऑर्गनवर रावजीतात्या. म्हातारा माणूस, मिशा मोठ्या, त्यामुळे शब्द आतच राहतात. दोनदा माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. मी हो, हो, छान म्हणालो. नंतर कळलं, माझा पाय त्यांच्या भात्यावर होता.

१३ फेब्रुवारी
तीन दिवस लिहिलं नाही. शाई संपली होती. काल आणली, पण काल थकलो होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
माईक लावून पहिली तालीम. उत्तम. श्यामलाबाईंनी पद सुरू केलं आणि सगळ्यांनी एकदम कानांवर हात ठेवले. आबासाहेब म्हणाले, शिट्टी मारतोय तो. मी म्हणालो, कोण? ते म्हणाले, तुमचा माईक.
मला शिट्टी ऐकू आली नाही. म्हणजे नव्हतीच. नव्या माणसांना माईकची सवय नसते. दारातलं कुत्रं उठून गेलं, पण ते जाणारच होतं.

१८ फेब्रुवारी
पिठलं लागलं. दूध उतू गेलं. शेजारच्या सिंधुबाई आत येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कळलं, त्या बराच वेळ कडी वाजवत होत्या. म्हणाल्या, हात दुखला माझा, डागदराला कान दाखवा एकदा. त्यांचं वय झालं. कडी नीट वाजवायला मनगटात जोर लागतो.
त्या गेल्यावर घर फार शांत वाटलं. द्वारका होती तेव्हाही तसं शांतच असायचं. लग्नानंतर खूप बोलायची, तांदूळ निवडता निवडता दिवसभराचं सांगायची. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं. सुखी बाई कमी बोलते.
निश्चय: उद्यापासून स्वयंपाक वेळेवर.

२० फेब्रुवारी, गुरुवार
आज बाजार. मेहुणा महिपती वांगी घेऊन आला होता. सगळ्यांना घेऊन नाटकाला ये म्हणून सांगितलं. तो म्हणाला, दाजी, अक्काचं म्हननं हाय की तुमी कुनाचं ऐकतच न्हाय. मी हसलो. म्हणजे स्वभावानं ठाम आहे म्हणते. ती हे पूर्वीपासून म्हणायची.
पुढंही बरंच काही सांगत होता. बाजारात गलका फार. मान हलवली. चेहऱ्यावरून निरोप चांगलाच वाटला.
वांगी दिली त्यानं. उद्या भरली वांगी करायची.

२१ फेब्रुवारी
बाहेर जेवलो.

२ मार्च, रविवार
रंगीत तालीम. श्यामलाबाई म्हणाल्या, मोहनराव, मला माझाच आवाज ऐकू येत नाही, सगळीकडून तुमचा कर्णाच ऐकू येतो. मी म्हणालो, तेच तर पाहिजे. आबासाहेबांनी हात जोडून सांगितलं, आवाज जरा कमी करा. बटण त्यांच्यासमोर कमी केलं. कलावंतांचं मन राखावं लागतं. प्रयोगाच्या दिवशी मला योग्य वाटेल तेवढं ठेवीन.
द्वारका स्त्रियांच्या बाजूला बसेल. ती बाजू डावीकडे. एक कर्णा जरा डावीकडे वळवला तर तिला प्रत्येक शब्द कळेल. आपला नवरा काय करतो ते तिनं एकदा नीट ऐकावं. नाटक संपल्यावर म्हणेन, चल. एवढंच. जास्त बोलायचं नाही.
घर झाडायला काढलं पाहिजे.

८ मार्च, शनिवार
घर झाडलं. म्हणजे पुढची खोली. चुलीजवळची जागा राहिली.
उद्या सकाळच्या एस.टी.नं भवानीनगर. परत येताना सामान क्लबचा ट्रक पोचवणार आहे. ट्रकात पुढे दोघं बसतील एवढी जागा असते, विचारून ठेवलं.

१० मार्च, सोमवार
प्रयोग झाला. एकूण यशस्वी.
शिफ्ट सुटल्यावर साडेसहाला पडदा. मांडव भरलेला. शेळगावची बैलगाडी मी लांबूनच ओळखली. सासूबाई चाकावर पाय देऊन उतरल्या आणि चटाचट पुढं जाऊन जागा धरून बसल्या. गुडघा बराच सुधारलेला दिसतो. द्वारका मागं होती. हिरवं पातळ. वाळलीय.
पहिल्या अंकात मी बटण पूर्ण चढवलं. राणीचं पद सुरू झालं तसे लोक हलले. काही बायका पोरं उचलून बाहेर गेल्या. पद करुण होतं, त्याचा परिणाम. पण कडव्याच्या मध्येच श्यामलाबाई थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आबासाहेब विंगेतून हातवारे करत होते. आणखी चढवा म्हणतात असं वाटून मी चढवलं.
मग रावजीतात्या ऑर्गनवरून उठले, वाकले, आणि त्यांनी माझी वायर काढली. शांतपणे. पुन्हा जाऊन बसले.
त्यानंतरचे अंक तसेच झाले. माईकशिवाय. मी जागेवरच होतो, हात बटणांवर. लोक सरकून सरकून पुढं आले. श्यामलाबाईंचे ओठ हलताना दिसत होते. तात्यांची बोटं दिसत होती. मला काही ऐकू आलं नाही. वायर काढल्यावर येणार कसं? पण लोक हसत होते. एका जागी तर सगळा मांडव डोळे पुसत होता. द्वारकाही. कशाला ते मला कळलं नाही. विचारणार कुणाला? शेजारी ऑर्गन.
संपल्यावर माणसं तात्यांभोवती जमली. मी वायरी गुंडाळत होतो. द्वारका मांडवाच्या खांबापाशी आली. हातात गाठोडं. शेंगा असाव्यात, त्यांच्याकडे यंदा पीक चांगलं आहे. ती काहीतरी बोलली. आजूबाजूला ही गर्दी, तिचा आवाज पहिल्यापासून हळू. गाठोडं जरा वर करून पुन्हा बोलली. मी म्हणालो, नको, नको, राहू दे. घेऊन जा परत. माझं चाललंय छान.
तिनं गाठोडं पुन्हा काखेत घेतलं. मग गाडीकडे गेली. चल म्हणायचं राहिलं. पण भेट गोड झाली. पाडव्याच्या आत येते बघा.
ट्रकात पुढे ऐसपैस बसलो.

१३ मार्च, गुरुवार
महिपती बाजारात भेटला. वांगी दिली नाहीत. म्हणाला, अक्काची ट्रंक न्यायला आलोय. मी म्हणालो, ट्रंक कशाला, तीच येईल आता. तो बोलू लागला. मी मान हलवू लागलो. त्यानं माझा दंड धरला, भाजीच्या पाट्यांच्या मागं नेलं आणि कानाशी तोंड आणलं. डाव्या. मला कळलं नाही. मी म्हणालो, काय? त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हणालो, काय?
तिसऱ्यांदा तो मोठ्यानं बोलला. दाजी, अक्का कापडाचं गाठोडं बांधून आली व्हती. तुमच्यासंगं ट्रकात येऊ का म्हनून इचारलं तिनं. तुमी चारचौघांत नको म्हनलात. घेऊन जा परत म्हनलात.
सगळ्या बाजारानं ऐकलं. मीही.
मग तो घरी आला. ट्रंक दिली नाही. त्यानंही ओढली नाही.

१४ मार्च
सकाळच्या गाडीनं शेळगाव. द्वारका परसात मिरच्या पसरत होती. मी सांगितलं, मला ऐकू येत नाही. हे वाक्य बोलायला सोपं जाईल असं वाटलं होतं.
ती काहीतरी म्हणाली. मी मान हलवली नाही. परत सांग म्हणालो. ती उठली, हात पुसले, उजव्या बाजूला आली आणि सावकाश म्हणाली, इतक्यात न्हाय यायची मी. चार वरसं भिंतीशी बोलले. आदी डागदर करा, मग बघू.
सगळं कळलं. एकही शब्द सुटला नाही.
मग जेवून जावा म्हणाली. जेवलो. ताटावर कुणी बोललं नाही, निदान मला तसं वाटलं.
चारच्या एस.टी.नं परत आलो. एकटाच. पुण्याच्या कानाच्या डॉक्टरचा पत्ता सिंधुबाईंकडे आहे म्हणतात. कडी वाजवली. त्यांनी लगेच दार उघडलं.