छपरावरच्या सळया

लासार्ते सर,

लिमाच्या नव्या नकाशात आमची टेकडी ‘रिकामी जागा’ दाखवून सही कर, म्हणजे विभागप्रमुखपद तुझंच, असं तुम्ही मला कळवलंत. सही मी करणार नाही.

माझा प्रबंध आठवतो? वस्ती किती वाढणार, हे मी छपरांवर उभ्या सोडलेल्या सळया मोजून सांगितलं होतं. पोरांची लग्नं झाली की त्याच सळयांवर मजला चढतो. तुम्ही हसलात, “अगं, भूगोल शिकतेस की भंगार गोळा करतेस?” वीस वर्षांत मी सांगितले तेवढे मजले चढले, सर.

हे पत्र लिहिताना आई ओरडली, “त्या माणसाला उत्तर कसलं देतेस? सळयांवरचे कपडे काढ आधी, गवंडी आलाय!”

तेव्हा पत्र इथेच थांबवते.

रिकाम्या जागेत जन्मलेली,
प्रा. योवाना वायता