कडी कोणाच्या बाजूला?

रविवार, १२ मे, संध्याकाळ

हसून हसून पोट दुखतंय. आज अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, माझी नवी कथा वाचून दाखवली. भीत भीतच, कारण कथेतलं घर आमचंच. दोन भाऊ वेगळे झालेले आणि मधल्या दाराला थोरलीनं पलीकडून कडी घातलेली. घरातला सगळा अबोला मी त्या एका कडीवर टांगला होता. मला शाबासकी हवी होती, की भांडण?

अक्कानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "लई झकास लिवलं गं. पण कडी तर तुझ्या बाजूला हाय. मी दोनदा ढकलून बघितलं."

छे! मग आठवलं. वाटणी झाली तेव्हा शहागंजच्या बाजारातून आणलेलं लोखंडी कपाट आम्हीच त्या दारापुढं सरकवलं होतं. दोघींनी मिळून ते हलवलं. कडी खरंच आमच्याकडून, गंजलेली. खोबरेल सोडलं, वरवंट्यानं ठोकली, तेव्हा निघाली एकदाची.

अक्का त्याच दारातून घरी गेली आणि त्याच दारातून वाटीभर आमरस घेऊन आली.

कथेत कडी राहील. फक्त बाजू बदलायची.

दोनदा ढकललं म्हणाली. मला एकदाही कसं ऐकू आलं नाही?