कोपराखाली चार बोटं

प्रिय अगं,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, पोस्टमनची सोय म्हणून. आत मात्र एकतीस वर्षांची सवय. तू ताईंकडे राहायला गेलीस त्याला पाच महिने झाले, मला इथे परदेशात येऊन चार, आणि एवढ्या काळात आपल्यात एक धड वाक्य झालेलं नाही. फोन इथे लागतो तो टेकडीवरच्या एका दगडावर उभं राहिलं तरच, आणि दगडावर उभं राहून तुझ्याशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. परवा भाचीला लावला. तुझं प्लास्टर कधीच निघालं, मूठ वळते, कपडे पिळताना मात्र अजून दुखतं, असं म्हणाली. फार बरं वाटलं.

हे गाव डोंगराच्या खांद्यावर आहे आणि ढग इथे न विचारता घरात शिरतात. सकाळी डोळे उघडले की खोलीत आधी काहीच नसतं. मग हळूहळू खिडकी येते, मग खुंटीवरचा माझा सदरा, आणि सगळ्यात शेवटी मी. इथले मूळचे लोक पिढ्यानपिढ्या मातीची घरं बांधत आलेत. त्यांना बांधकामात मदत करायला आमच्या संस्थेनं कुणाला पाठवावं? जन्मभर पंख्याखाली बसून नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनला! हसलीस ना? पहिले कित्येक दिवस माझ्याकडे एकच काम होतं, पायांनी चिखल तुडवायचं. गुडघाभर गार मातीत गवताचे तुकडे टाकत गोल गोल फिरायचं. तासाभरानं आपले पाय आपले वाटेनासे होतात. डोळे उघडे असतात, पण माणूस जागा असतोच असं नाही. मी त्या चिखलातून फिरत आपल्या गॅलरीपर्यंत जाऊन यायचो. तू वाळत घातलेल्या चादरींमागे असायचीस, नुसती सावली.

मग शाळेशेजारी सगळ्या गावाचं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं आणि एकदाचा माझ्या हातात कागद आला. मी खूश. दारं, खिडक्या, धुराडं, सगळं आखून दिलं. ओटा चौतीस इंच, कारण ओटा चौतीस इंचच असतो. माझ्याच देखरेखीखाली त्याचं दगडी बांधकाम वरपर्यंत आलं. तेव्हा इथली म्हातारी गवंडीण आली. गावातलं प्रत्येक घर तिच्या हाताखालून गेलंय. तिनं ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तांदळातले खडे निवडावेत तशी शांतपणे वरचे दगड काढून खाली ठेवायला लागली. राग नाही, आवाज नाही. मला वाटलं, झाली आपली शोभा.

दुसऱ्या दिवशी तिथे स्वयंपाक करणार होत्या त्या अकरा बायका तिनं बोलावल्या. एकेकीला अनवाणी भिंतीशी उभं केलं, जमिनीपासून कोपरापर्यंत दोरा धरला आणि तिथे गाठ मारली. कोपराखाली चार बोटं सोडायची, तिथे ओटा. मदत म्हणून मी माझी चार बोटं पुढे केली, तर तिनं माझा हात बाजूला केला आणि त्या बाईचीच बोटं दोऱ्यावर ठेवली. ज्याचा ओटा, त्याचीच बोटं. शेवटी ओटा तीन उंचींचा झाला, बुटक्यांचा, मधल्यांचा आणि उंचांचा. दिसायला वेडावाकडा आहे. पण अकराच्या अकरा जणी त्यापुढे खांदे सैल सोडून उभ्या राहिल्या.

ओट्याचं काम संपल्यावर तिनं दुभाष्या मास्तरांकरवी मला विचारलं, "तुमच्या बायकोचं कोपर कुठं येतं?"

मी हात वर केला, खाली केला. तू माझ्या खांद्याच्या किती खाली येतेस ते दाखवलं. कोपर मला सांगता येईना. आपल्या घराच्या दाराची चौकट, खिडकीचा गज, जिन्याची पायरी, झोपेतून उठवून विचार, सांगेन. म्हातारी हात धुवायला गेली.

बावीस वर्षं तू आपल्या घरच्या चौतीस इंची ओट्यापुढे लाकडी पाटावर उभी राहून कणीक मळलीस. पाट सरकला, तू पडलीस, मनगट मोडलं, आणि मी दवाखान्यात काय म्हणालो? "जरा बघून पाय ठेवावा माणसानं." वर आठवडाभर खपून पाटाला खालून रबराच्या पट्ट्या ठोकल्या आणि कौतुकानं तुला दाखवायला आणला. तू पाटाकडे पाहिलंस आणि आत जाऊन बॅग भरलीस. मी तेव्हा मनात म्हणालो, एवढी मेहनत घेतली, त्याचं हे फळ. इथे येऊ का विचारलं तर तू "जा" म्हणालीस, तोही मी होकारच धरला. माझं चुकलं गं. पाटाचंच नाही, सगळंच.

हल्ली दुपारी मी त्या स्वयंपाकघरात लवंडतो. छप्पर अजून व्हायचंय. ढग भिंतीवरून आत उतरतो आणि त्यात तू ओट्याशी उभी असतेस, पाटाशिवाय. मी तुझं कोपर बघायला जातो आणि नेमकी त्याच वेळी तू वरचा डबा काढायला हात उंचावतेस. रोज असंच होतं. डोळे उघडतो तेव्हा ओल्या मातीचा वास असतो आणि अकरा गाठींचा दोरा खिळ्यावर हलत असतो.

म्हणून हे पत्र. सोबत कोरा दोरा ठेवलाय, चांगला मजबूत. चपला काढून भिंतीशी उभी राहा आणि ताईंना कोपराशी गाठ मारायला सांग, मग दोरा आपल्या घरच्या पत्त्यावर पाठव. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मी परत येतोय. आल्या आल्या ओटा माझ्या हातानं फोडणार आहे, तू घरी ये किंवा येऊ नकोस. दोरा गाठीशिवाय आला तरी मी समजेन आणि काही विचारणार नाही. पण गाठ मारलीसच, तर एक अडचण तुला आत्ताच सांगून ठेवतो. गाठीखाली चार बोटं सोडावी लागतात, आणि माझी बोटं चालत नाहीत.

तुझाच,
अहो